टोमण्यांनी वजन उतरत नाही

११ फेब्रुवारी २०१७च्या पहाटे मुंबई विमानतळावर एक मालवाहू विमान उतरलं. आत इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातली इमान अहमद ही छत्तीस वर्षांची बाई होती. वजन सुमारे पाचशे किलो असल्याचं सांगितलं जात होतं. पक्षाघात होऊन गेलेला, आणि घरच्यांच्या म्हणण्यानुसार पंचवीसेक वर्षांत तिने घराचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. पलंगासकट तिला ट्रकवर चढवलं, चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलपर्यंत आणलं आणि क्रेनने उचलून आत घेतलं. सगळं कॅमेऱ्यांसमोर. मथळ्यांत ती इमान नव्हती, ‘जगातली सर्वांत वजनदार महिला’ होती.

मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तपासणीत भूक आणि चरबीचं नियंत्रण करणाऱ्या लेप्टिनशी संबंधित एका जनुकातच दोष सापडल्याचं डॉक्टरांनी जाहीर केलं. म्हणजे जिच्याकडे बघून लोक ‘किती खात असेल’ म्हणत होते, तिच्या मेंदूला पोट भरल्याचा निरोपच नीट पोहोचत नव्हता. ही बातमी आली तशी विरून गेली. मग बहीण आणि हॉस्पिटल यांच्यात वाद झाला, टीव्हीवर किलोंचे आकडे मोजले गेले. ४ मे रोजी तिला अबूधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला तिचा इंतकाल झाला. या साताठ महिन्यांत तिचं वजन किती उतरलं हे आपल्याला पाठ झालं होतं. तिला काय वाटत असेल, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

त्याच फेब्रुवारीतली दुसरी गोष्ट. २१ तारखेला मुंबई महापालिकेचं मतदान होतं. लेखिका शोभा डे यांनी एका अतिलठ्ठ पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकला आणि मुंबईत आज ‘हेवी’ बंदोबस्त आहे, अशी कोटी केली. मुंबई पोलिसांनी उत्तर दिलं की हा गणवेश आणि हा माणूस आमचा नाही, आणि जबाबदार नागरिकाकडून याहून बऱ्या अपेक्षा आहेत. तो माणूस निघाला मध्य प्रदेश पोलिसांतला एक निरीक्षक. त्याने सांगितलं की वजन खाऊन वाढलेलं नाही. १९९३ साली पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर शरीराचं गणित बिघडलं. पुढे त्याच सैफी हॉस्पिटलमध्ये त्याच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि मग सूर निघाला: बघा, ट्वीटमुळे त्याचं भलंच झालं की!

मला भांडायचं आहे ते या ‘भलंच झालं की’शी.

हे वाक्य फक्त ट्विटरवरचं नाही. ते आपल्या घराघरांत आहे. ‘मी बोलते म्हणून तरी ती कमी खाते’, ‘लाज वाटली पाहिजे, तेव्हाच माणूस हलतो’, ‘तुझ्या चांगल्यासाठीच सांगतोय’. शादीच्या हॉलमध्ये पाच वर्षांनी भेटलेली खाला सलाम-दुआच्या आधी म्हणते, ‘क्या गे, कित्ती मोटी हो गई!’ जी जरा अदबीने बोलते ती म्हणते, ‘माशाल्लाह, सेहत बन गई’. अर्थ एकच. आणि हे ऐकणारी मुलगी ताट अर्धवट ठेवते, घरी जाऊन दार लावते आणि उरलेली रात्र खात बसते. मग दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, हिला काही फरकच पडत नाही.

फरक पडतो. तो कुठल्या दिशेने पडतो, याचं उत्तर संशोधनाने दिलेलं आहे. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लोकांचा २००६ ते २०१० असा मागोवा घेतला गेला. ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता आणि जे सुरुवातीला लठ्ठ नव्हते, ते चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. जे आधीच लठ्ठ होते, ते तसेच राहण्याची शक्यताही जास्त होती. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. टोमणा औषध असता तर आकडे उलटे आले असते. अपमानाने शरीरातला ताण वाढतो, ताणाने भूक वाढते, लाजेने माणूस बागेत, जिममध्ये, दवाखान्यात जायचं टाळतो. यात न समजण्यासारखं काय आहे? मारकुट्या मास्तरांच्या वर्गातली मुलं गणितात हुशार होत नाहीत, शाळा बुडवायला शिकतात.

आता इच्छाशक्तीकडे येऊ, कारण सगळा तोरा तिच्यावरच उभा आहे. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा टीव्ही कार्यक्रम चालायचा. लठ्ठ स्पर्धकांना कॅमेऱ्यासमोर पळवायचं, घाम काढायचा, रडवायचं आणि कुणी किती किलो घटवले ते मोजायचं. त्यातल्या चौदा स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. एक सोडून सगळ्यांचं वजन कमी-अधिक प्रमाणात परत आलं होतं. आणि त्यांची शरीरं, त्या वजनाच्या माणसाने जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी त्यापेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत होती. सहा वर्षांनीसुद्धा! २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की आहारावर कडक नियंत्रण ठेवून वजन घटवल्यानंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढीच राहतात. शरीर वजन घटणं म्हणजे दुष्काळ समजतं आणि राखण करतं. या राखणीशी रोज, तिन्ही त्रिकाळ झुंजणाऱ्या माणसाला आपण आळशी म्हणतो. झुंज न देता सडपातळ राहिलेला मात्र संयमी ठरतो.

आणि सडपातळ म्हणजे तरी काय? बीएमआय नावाचा जो आकडा हल्ली प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, त्याचं सूत्र बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडलं, तेही सरासरी माणूस कसा असतो हे शोधण्यासाठी. कुणा एकाची तब्येत जोखण्यासाठी नव्हे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली स्वतःचा आणि लंडनचे सहकारी डॉ. यूडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र यूडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार असा हा भारतीय माणूस. तेव्हा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या जाड माणसाच्या ताटाकडे बघून हसणाऱ्या सडपातळ मामूंनी आधी आपली साखर तपासून घ्यावी, इतकंच म्हणतो.

आपल्या समाजाबद्दल स्वतंत्रपणे बोलायला हवं, कारण आपण उठता-बसता दीनचा हवाला देतो. सूरह हुजुरातची अकरावी आयत एकमेकांची टिंगल करायला, टोमणे मारायला आणि वाईट टोपणनावं ठेवायला साफ मनाई करते. पुरुषांना वेगळं आणि स्त्रियांना वेगळं बजावते, पळवाट राहू नये म्हणून असेल. ही आयत आपल्याकडे एकोप्यावरच्या तकरीरीत हमखास येते. घरातल्या ‘जाड्या’, ‘ढोली’, ‘हत्ती’, ‘टुणटुण’ या हाकांशी तिचा संबंध मात्र कुणी जोडत नाही.

टुणटुण हे नाव कुठून आलं, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. उमादेवी खत्री नावाची एक अनाथ मुलगी गायिका व्हायला मुंबईत आली. नौशादसाहेबांनी तिला गायला लावलं आणि १९४७च्या ‘दर्द’मधल्या तिच्या गाण्याने देश वेडा झाला. पुढे गाणी मिळेनाशी झाली. १९५०च्या ‘बाबुल’मध्ये ती विनोदी भूमिकेत आली, टुणटुण झाली, आणि मग आयुष्यभर तिला जाड असण्याचीच कामं मिळाली. तिने ती झोकात केली, हे तिचं मोठेपण. पण तो गळा लोक विसरले आणि तिचं पडद्यावरचं नाव या देशातल्या प्रत्येक शाळेत एक शिवी म्हणून उरलं. मराठी रंगभूमी आणि टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम आजही त्याच भांडवलावर जगतात. जाड माणूस आत आला की लिहायला काही लागत नाही, फक्त खुर्ची मोडायची.

हदीसचे दाखले द्यायचे तर तेही पूर्ण द्यावेत. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण सगळ्यांना पाठ आहे आणि ती दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून ऐकवली जाते. पुढच्या पिढ्यांत लठ्ठपणा दिसू लागेल, ही रिवायतही व्हॉट्सॲपवर फिरत असते. तिच्यावर भाष्य करताना तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी स्पष्ट केलेलं आहे की निषेध आहे तो चैनीने, हौसेने कमावलेल्या लठ्ठपणाचा. ज्याची ठेवणच तशी आहे तो यात मोडत नाही. हे भाष्य कुणी पुढे पाठवत नाही. हजरत आयेशा (रजि.) यांनी हजरत सफिया (रजि.) यांच्या बुटकेपणाचा उल्लेख केला, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले होते की हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्राचं पाणी बिघडेल. अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पायांना लोक हसले, तेव्हा ते पाय तराजूत उहुद पर्वताहून भारी ठरतील असं त्यांनी सुनावलं. आणि हजरत सौदा (रजि.)? पैगंबरांच्या या पत्नी अंगाने भारी होत्या, चालणं संथ होतं. हजमध्ये मुजदलिफाहून गर्दी निघण्याआधी आपल्याला निघू द्यावं, अशी त्यांनी विनंती केली. पैगंबरांनी परवानगी दिली. आधी वजन कमी कर, मग बघू, असं सांगितलं नाही.

‘आधी वजन कमी करा, मग बघू’ हे आपल्या दवाखान्यांचं आवडतं वाक्य आहे. गुडघा दुखतो, वजन कमी करा. पाळी चुकते, वजन कमी करा. दम लागतो, कान दुखतो, वजन कमी करा. काही वेळा तो सल्ला बरोबरही असतो. पण तपासण्याआधीच दिलेला सल्ला म्हणजे हाकलणं. ओपीडीच्या बोळात वजनकाटा, त्यावर चढवायचं आणि आकडा मावशींनी शंभर माणसांत मोठ्याने ओरडून सांगायचा. हातांच्या खुर्च्या, ज्यात बसता येत नाही. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला अपुरा, आणि अपुरा पट्टा बांधला की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, हे वैद्यकीच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे. म्हणजे चुकीचा पट्टा, चुकीचा आकडा आणि वर बोलणी बरोबर.

हे सगळं वर्षानुवर्षं खाल्लेला माणूस शेवटी शस्त्रक्रियेच्या दारात येतो. इथे सुरू होतो दुसरा फेरा. काल जे ‘काहीतरी कर’ म्हणत होते तेच आज म्हणतात, ‘ऑपरेशन? हा तर शॉर्टकट झाला!’ शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग किंवा त्याहून जास्त कापून काढतात. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यानंतर काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न, मग आयुष्यभर चमच्या-चमच्याने जेवण, आणि आयुष्यभर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. काही महिने केस गळतात. कातडी लोंबते. गोड सरबताचा ग्लास घाईने प्यायला तर बायपास झालेल्याला घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात. याला शॉर्टकट म्हणायचं तर हृदयाच्या बायपासलाही म्हणा.

काही मौलवी मंडळी अल्लाहने दिलेल्या शरीरात बदल केल्याचा आक्षेप घेतात. आजारावर इलाज करा, असं सांगणारी रिवायत त्यांनाही माहीत आहे. मुतखडा काढताना हा आक्षेप आठवत नाही.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही, हे इथेच नोंदवतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांची मृत्यूसंख्या न झालेल्यांपेक्षा कमी निघाली. मधुमेह अनेकांचा आटोक्यात येतो, झोपेतला श्वास मोकळा होतो. ‘आहे तसं शरीर स्वीकारा’ म्हणणाऱ्या इंग्रजी समाजमाध्यमांतल्या चळवळीतले काही जण ऑपरेशन करून घेणाऱ्याला गद्दार ठरवतात, तेही मला पटत नाही. दोन्ही बाजूंनी त्या माणसाच्या शरीरावर मालकी सांगणं चालूच राहतं.

माझी तक्रार आहे ती मनाचा हिशेब कुणीच ठेवत नाही, याची. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली काढलेला अंदाज असा की सुमारे १९ टक्के लोकांना नैराश्य असतं आणि सुमारे १७ टक्के लोकांना अनावर खाण्याचा विकार. म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक जण नैराश्य घेऊनच त्या टेबलावर चढतो. अपमान इतका आत झिरपलेला असतो की बाहेरच्या आवाजाची गरज उरत नाही. तो स्वतःच स्वतःला ‘ढोल्या’ म्हणतो. वजन उतरलं म्हणजे हा आतला आवाज आपोआप बंद होतो, असं आपण गृहीत धरतो.

नाही होत. अमेरिकेतल्या युटामधला २००७ सालचा अभ्यास बघा. शस्त्रक्रिया झालेल्यांत आजारांनी होणारे मृत्यू बरेच घटले, पण अपघात, आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू न झालेल्यांपेक्षा ५८ टक्के जास्त होते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात आठ हजारांहून अधिक रुग्ण तपासले, तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात येण्याचं प्रमाण आधीच्या तीन वर्षांपेक्षा सुमारे दीडपट झालं होतं. २०१२च्या एका अमेरिकी अभ्यासात दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येत वाढ दिसली, विशेषतः बायपास झालेल्यांत. बायपासनंतर दारू चढतेही लवकर. एकूण रुग्णांत हे दुर्दैवी प्रसंग थोडेच, आणि म्हणून शस्त्रक्रिया वाईट ठरत नाही. पण अन्न हा ज्याचा एकमेव दिलासा होता, त्याचा तो दिलासा तुम्ही काढून घेतलात आणि बदल्यात काही दिलं नाहीत, तर तो दुसरीकडे शोधणारच. पहिलं वर्ष शाबासकीचं असतं. वजन उतरत असतं, कपडे सैल होतात, लोक फोटो मागतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उतरण थांबते, पाच-दहा किलो परतही येतात. तेव्हा जुनी खाला नव्या टोमण्यासह हजर असते: ‘एवढे पैसे घालून काय झालं?’

या काळात हॉस्पिटल कुठे असतं? जाहिरातीत. ‘आधी’चा फोटो आणि ‘नंतर’चा फोटो. आधीच्या फोटोत माणूस नेहमी उदास, अंधारात, ढगळ कपड्यांत. नंतरच्या फोटोत हसरा. पाचव्या वर्षाचा फोटो कुणी लावत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञाची भेट बहुतेक ठिकाणी कागदावर असते. अनेकदा ती वीस मिनिटांत उरकते, आणि रुग्ण तिथे खरं बोलत नाही. का बोलेल? नैराश्य आहे म्हटलं तर तारीख पुढे जाईल, ही भीती असते. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेला तिच्या नणंदेने घरून पढवून पाठवलं होतं, ‘सब ठीक है बोलना, रोना मत’. ती रडली नाही. सही झाली. ही भेट दरवानाची चौकशी आहे तोवर लोक खोटंच बोलतील. तिथे बसलेल्याने पहिल्याच वाक्यात सांगायला हवं की मी तुमचं ऑपरेशन अडवायला बसलेलो नाही, पुढची दोन-तीन वर्षं तुमच्यासोबत असणार आहे. आणि मग खरोखर असायला हवं.

विमा कंपन्यांची तऱ्हा आणखी वेगळी. विमा नियामकाने आखून दिलेल्या कलमानुसार बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं काही असेल, तरच ही शस्त्रक्रिया विम्यात बसते. शिवाय वजन घटवण्याचे इतर उपाय फसल्याचंही दिसायला हवं. भारतीय तज्ज्ञांनी २००९ सालीच आपल्या लोकांसाठी ही मर्यादा ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली होती, कारण तेच याज्ञिकांचं: आपलं शरीर कमी वजनातच जास्त बिघडतं. २०२२ साली जागतिक संघटनांनी ती आणखी खाली आणली. आपलं कलम जुन्या पाश्चात्त्य आकड्यांवर बसून आहे. मधला जो माणूस आहे, डॉक्टरच्या लेखी पात्र आणि कंपनीच्या लेखी अपात्र, त्याने काय करायचं? दागिने मोडायचे, नाहीतर आणखी आजारी पडून पात्र व्हायचं. आणि आपण किती वेळा हरलो याची कागदपत्रं गोळा करायची. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. समुपदेशनाची बिलं मात्र बहुतेक जण खिशातूनच भरतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून स्वयंपाकाचं तेल दहा टक्के कमी करा, असं आवाहन केलं. करावं, तेल जास्तच आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष वाजवीपेक्षा जास्त वजनाचे निघाले, ते सगळे एकाच दशकात अचानक चटोर झाले की काय? भिवंडीत, मालेगावात, मुंब्र्यात बुरखा घातलेल्या बाईने रोज अर्धा तास चालायचं तरी कुठे? मैदान नाही, फुटपाथवर हातगाड्या, आणि चालायला निघाली तर गल्लीची नजर. जिममध्ये बायकांची वेळ असली तर दुपारी, स्वयंपाकाच्या ऐन धबडग्यात. तिला इच्छाशक्तीवर भाषण देणं सोपं आहे, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

मार्च २०२५ पासून माउंजारोसारखी इंजेक्शनंही इथे मिळू लागली आहेत. शॉर्टकटची शिवी आता सुईलाही चिकटते आहे. ज्यांना परवडतं ते गुपचूप घेतात आणि ‘चालण्याने उतरलं’ म्हणून सांगतात. ही लपवाछपवीसुद्धा त्याच लाजेची.

मग आपल्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि त्यासाठी सरकारी ठराव लागत नाही. रिश्ता बघायला जाताना मुलीचं वजन विचारणं थांबवता येतं. ‘ऑपरेशन करून घ्या, मग निकाह’ अशी अट घालणारी घरं मी ऐकून आहे. अशा घरी मुलगी देऊ नये, इतकं तर बापाला म्हणता येतं. दावतीत शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने दोन घासांवर हात थांबवला तर ‘हमारे घर का खाना पसंद नहीं आया?’ म्हणून त्याला कोंडीत पकडू नये. त्याच्या पोटात जागाच तेवढी आहे. काल ज्याच्या भरल्या ताटाला हसलो, त्याच्या रिकाम्या ताटाला आज रुसायचं, हा काय न्याय? रमजानात तर त्याची दुहेरी पंचाईत. पहिले काही महिने डॉक्टर रोजे टाळायला सांगतात, कारण पाणी थोडं थोडं, दिवसभर प्यावं लागतं. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिलेली आहे, पण त्याचा आजार बाहेरून दिसत नाही, आणि मोहल्ला विचारतो. जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलमधलं जिलेटीन हलाल आहे का, हा प्रश्न तर कित्येकांना डॉक्टरला विचारायचा धीर होत नाही, मौलानांना विचारायची लाज वाटते आणि मग गोळ्याच बंद होतात. बी-१२ वर्षभर चुकलं की हातापायांना मुंग्या येतात. जिलेटीनविरहित गोळ्या मिळतात, केमिस्टला विचारलं की तो देतो. एवढी साधी माहिती एखाद्या जुम्याच्या खुत्ब्यात का सांगू नये?

आणि जो वा जी आज हा निर्णय घ्यायच्या बेतात आहे, त्यांनी हॉस्पिटलच्या काउंटरवर पॅकेज विचारताना आणखी काही विचारावं. ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञ भेटतील का, कोण, त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का. आधी ऑपरेशन झालेल्यांचा गट आहे का, आणि त्यात तीन-चार वर्षं झालेली माणसं आहेत का, की फक्त सहा महिने झालेली. वजन पुन्हा वाढलं तर इथलेच डॉक्टर बोलणी घालतील की बघतील. काउंटरवरची मुलगी गोंधळली तर डॉक्टरांकडून लिहून मागा. आणि मन फारच बुडत असेल तर त्या तारखेची वाट बघू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.